एकच गिऱ्हाईक, तुटक ऑर्डरी : देशाचा शस्त्रउद्योग सरकारी निर्णयांवर कसा जगतो आणि कसा मरतो

तेजस लढाऊ विमानांची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असतं : विमानांचे सांगाडे तयार आहेत, इंजिनं आलेली नाहीत. वाचणाऱ्याला कळत नाही, की एवढ्या नावाजलेल्या अमेरिकी कंपनीला इंजिन वेळेवर का देता येऊ नये?

उत्तर जुनं आहे. 'जीई' कंपनीने तेजससाठी ६५ इंजिनं २०१६ पर्यंत देऊन टाकली होती. पुढची ऑर्डर काही आली नाही. एफ-४०४ या इंजिनाचा हा प्रकार तेजससाठीच बेतलेला, त्यामुळे दुसरं कोणी घेणारंही नव्हतं. कंपनीने लाइन बंद केली. २०२१ मध्ये आपण ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार केला, त्यापाठोपाठ ९९ इंजिनांची ऑर्डर गेली, आणि पाच वर्षं बंद पडलेली लाइन नव्याने उभी करायची वेळ आली. सुटे भाग पुरवणारे एव्हाना दुसऱ्या कामांना लागले होते. मधल्या काळात कोविडने जगभर पुरवठ्याची ओढाताण केली ती वेगळीच. पहिलं इंजिन मिळालं मार्च २०२५ मध्ये. विमानांना उशीर होण्याचं हे एकमेव कारण नाही, पण सगळ्यात मोठ्या कारणांपैकी नक्कीच आहे.

यात कुणी खलनायक शोधू नये. २०१६ ते २०२१ या काळात कुणी चुकीचा निर्णय घेतला असंही नाही. निर्णय झाला नाही, एवढंच. संरक्षण उद्योगात मात्र 'अजून ठरलेलं नाही' हाही एक निर्णय असतो आणि त्याची किंमत घेतलेल्या निर्णयाइतकीच मोजावी लागते.

सरकार इथे नुसतं गिऱ्हाईक नसतं

एक शिंपी आहे असं समजा. कायद्याने त्याला एकाच घराचे कपडे शिवायची परवानगी आहे. कापड कुठलं, शिलाई कशी, बटणं किती, हे ते घरच ठरवणार. कोट तयार झाला की तो चांगला झाला की नाही याची परीक्षा घेणारंही तेच घर. बाहेर कुणाला एखादा कोट विकायचा असेल तर त्याचीही परवानगी त्याच घराकडून. आणि हे घर दहा वर्षांतून एकदा चार कोट शिवायला टाकणार, मग वर विचारणार : इतका महाग कसा? आणि बाही आखूड का?

तोफा, पाणबुड्या, लढाऊ विमानं बनवणाऱ्यांची गत अशीच असते. अर्थशास्त्रात याला 'एकग्राहक बाजार' म्हणतात : विकणारे कितीही असोत, घेणारा एकच. मोटारी बनवणाऱ्या कंपनीचं एक मॉडेल पडलं तर दुसरं चालतं, एका देशात मंदी आली तर दुसऱ्या देशात विकता येतं. टँकच्या कारखान्याला ही सोय नाही. ऑर्डर, तांत्रिक अटी, चाचण्या, पैसे देण्याचं वेळापत्रक, निर्यातीचा परवाना, आणि पुष्कळदा कारखान्याची मालकीही, सगळ्या दोऱ्या एकाच हातात. म्हणून या धंद्याचं भलंबुरं बाजारापेक्षा फायलीवर जास्त ठरतं.

आकडेमोड : आठवं विमान पहिल्याच्या निम्म्या मेहनतीत

१९३६ मध्ये थिओडोर राइट या अमेरिकी अभियंत्याने विमानांच्या कारखान्यातलं एक निरीक्षण मांडलं. बनवलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की दर विमानाला लागणारे मजुरीचे तास साधारण वीस टक्क्यांनी घटतात. पहिल्या विमानाला १ लाख तास लागले असतील तर दुसऱ्याला ८० हजार, चौथ्याला ६४ हजार, आठव्याला ५१ हजारांच्या आसपास. फिटरला कुठला पाना कुठे ठेवायचा ते अंगवळणी पडतं, जिग (सुटे भाग जागेवर धरून ठेवणारे साचे) सुधारले जातात, नकाशातल्या चुका सापडून दुरुस्त होतात, कच्चा माल वेळेत येऊ लागतो.

आता आठ विमानांनंतर ऑर्डर थांबली. माणसं पांगली. सात-आठ वर्षांनी पुन्हा आठ विमानांची ऑर्डर आली. लाइन चालू असती तर नवव्या विमानाला ४९ हजार तास पुरले असते. आता ते पुन्हा पहिल्या विमानाच्या जवळपास जाणार. वर भाव वाढलेले, निम्मे पुरवठादार गायब. मग सरकारी फाइलवर शेरा पडतो, 'देशी बनावटीचा खर्च अवाजवी', आणि ऑर्डर आणखी कमी होते. नग कमी झाल्यावर दर नगाचा खर्च आणखी चढतो. हे चक्र एकदा फिरू लागलं की कोणाचाही दोष नसताना कारखाना बुडतो.

मोठी कंपनी तरी तग धरते. तिच्याकडे इतर धंदे असतात. आधी मरतो तो तिसऱ्या पायरीवरचा पुरवठादार. रबरी सील, खास ओतकाम, एखादी छोटी व्हॉल्व्ह बनवणारा. त्याने या कामासाठी मशीन घेतलेलं असतं, कर्ज काढलेलं असतं, चाचण्यांचे दाखले मिळवायला दोन-तीन वर्षं घातलेली असतात. दोन वर्षं ऑर्डर आली नाही की तो ते मशीन शेतीच्या पंपाच्या कामाला लावतो किंवा विकून टाकतो. मंत्रालयातल्या कुठल्याही आढाव्यात तो दिसत नाही. पुढची ऑर्डर आल्यावर फोन लावला की कळतं.

नकाशे जपून ठेवलेत, मग पुन्हा का बनत नाही?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. त्याचं सगळ्यात बोलकं उत्तर अमेरिकेच्या अण्वस्त्र कारखान्यात मिळतं. डब्ल्यू-७६ या अण्वस्त्रात 'फॉगबँक' नावाचं एक गुप्त द्रव्य लागतं. ते १९८९ पर्यंत बनवलं, नंतर कारखाना बंद केला. पुढे २००० नंतर जुनी अस्त्रं नवी करायची ठरली तेव्हा लक्षात आलं, की नोंदी अपुऱ्या आहेत आणि बनवणारे बहुतेक निवृत्त झालेत. नवी यंत्रणा उभारली, द्रव्य तयार केलं, पण ते जुन्यासारखं काम करेना. कारण पुढे सापडलं : जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि तीच निर्णायक होती. नव्या, अधिक स्वच्छ प्रक्रियेत ती निघून जात होती. जुन्या लोकांनाही आपल्या मालात ती आहे हे माहीत नव्हतं. जे बनवणाऱ्यालाच माहीत नव्हतं ते नकाशात कुठून येणार?

स्टिंगर या खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राचंही असंच. २०२२ मध्ये युक्रेनला ती हजारोंनी हवी झाली तेव्हा बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने सांगितलं, की अमेरिकेच्या संरक्षण खात्याने अठरा वर्षांत एकही स्टिंगर घेतलेलं नाही आणि त्यातले काही भाग आता बाजारात मिळतच नाहीत. काही इलेक्ट्रॉनिक्स नव्याने आखावं लागलं. पुढे सत्तरी गाठलेल्या निवृत्त अभियंत्यांना परत बोलावून नव्या पोरांना शिकवायला बसवलं.

हातातलं ज्ञान म्हणजे काय हे पाणबुडीच्या वेल्डिंगमध्ये नीट दिसतं. पाणी ३०० मीटर खोल असेल तर कवचाच्या दर चौरस मीटरवर ३०० टनांच्या आसपास भार पडतो. कवच जाड, उच्च ताकदीच्या पोलादाच्या कड्यांचं असतं आणि ती कडी एकमेकांना वेल्ड करायची. पत्रा आधी ठरलेल्या तापमानाला तापवायचा. वेल्डिंगचे रॉड ओव्हनमध्ये भाजून कोरडे ठेवायचे. एक थर दिल्यावर दुसरा देताना तापमान ठरलेल्या पट्ट्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. रॉडला दमटपणा लागला तर त्यातला हायड्रोजन धातूत शिरतो, आणि गंमत अशी की तडा तेव्हा पडत नाही. दिवस-दोन दिवसांनी आतल्या आत पडतो. म्हणून तपासणी लगेच न करता थांबून करतात, एक्स-रे आणि अल्ट्रासोनिक लावून. दोष सापडला तर सांधा कोरून काढायचा आणि पुन्हा भरायचा. पण पुन्हा तापवलं की कड्याची गोलाई हलते, आणि गोलाई बिघडली तर कवचाची दाब सोसायची ताकद झपाट्याने उतरते. कुठे किती उष्णता दिली की पत्रा किती ओढला जाईल, हा अंदाज पुस्तकातून येत नाही.

वेल्डिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकांत एक साधा नियम आहे. वेल्डरने सहा महिने त्या पद्धतीचं काम केलं नाही तर त्याचं प्रमाणपत्र रद्द होतं, परीक्षा पुन्हा द्यावी लागते. सहा महिने.

माझगाव डॉक : अकरा वर्षांचा खंड

डिसेंबर १९८१ मध्ये भारताने पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन तिकडे कील बंदरात, दोन मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधायच्या. मुंबईच्या लोकांना जर्मनीत प्रशिक्षण मिळालं, यार्डात खास विभाग उभा राहिला. आयएनएस शाल्की १९९२ मध्ये नौदलात आली, आयएनएस शंकुल मे १९९४ मध्ये. पाणबुडी बांधू शकणारे देश जगात मोजकेच, त्यांच्या पंगतीत आपण जाऊन बसलो.

करारात आणखी दोन पाणबुड्या घ्यायची सोय होती. १९८७ मध्ये दलालीचे आरोप झाले, एचडीडब्ल्यूशी व्यवहार थांबला आणि पाचवी-सहावी पाणबुडी बारगळली. या आरोपांतून शिक्षा कुणालाच झाली नाही. भोगलं माझगावच्या पाणबुडी विभागाने. शंकुल पाण्यात गेल्यावर त्या शेडमध्ये बांधायला काहीच उरलं नाही.

१९९९ मध्ये सरकारने तीस वर्षांत २४ पाणबुड्यांची योजना मंजूर केली. कागद उत्तम होता. प्रत्यक्ष पुढचा करार झाला ऑक्टोबर २००५ मध्ये, या वेळी फ्रान्सशी, सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा. पोलाद कापायला सुरुवात २००६ च्या डिसेंबरात. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये यायची होती. आयएनएस कलवरी आली १४ डिसेंबर २०१७ ला. अकरा वर्षांच्या खंडाआधी जे येत होतं ते पहिल्यापासून शिकावं लागलं, आणि तेही दुसऱ्या देशाच्या आराखड्यावर, दुसऱ्या पद्धतीने. लाइन तापल्यावर फरक कसा पडतो तेही इथेच दिसतं : २०२१ या एका वर्षात करंज आणि वेला अशा दोन पाणबुड्या नौदलात गेल्या.

या कहाणीला एक जोडकथा आहे. स्कॉर्पीनसाठी निवडलेले ९८ आधुनिक टॉर्पेडो एका इटालियन कंपनीचे होते. तिच्याच उद्योगसमूहातली दुसरी कंपनी हेलिकॉप्टर खरेदीच्या प्रकरणात अडकली, आणि २०१६ मध्ये टॉर्पेडोची खरेदी रद्द झाली. कोऱ्या करकरीत पाणबुड्या जुन्या पिढीचे टॉर्पेडो घेऊन समुद्रात उतरल्या.

हा आजार आपलाच आहे असं कुणी समजू नये. ब्रिटनच्या बॅरो गावातल्या यार्डात ट्रायडंट क्षेपणास्त्रांच्या पाणबुड्या बांधून होत आल्या तेव्हा पुढचं काम लांबलं. तेरा हजारांच्या घरातले कामगार तीन हजारांच्या आसपास आले. पुढच्या 'अस्ट्यूट' पाणबुडीचं काम सुरू झालं तेव्हा अनुभवी आरेखक आणि देखरेख करणारे उरलेच नव्हते. शेवटी २००३ मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीची मदत घ्यावी लागली. १९९७ मध्ये ऑर्डर दिलेली पहिली अस्ट्यूट २०१० मध्ये नौदलात आली.

अमेरिकेने त्याच काळात उलटं केलं. शीतयुद्ध संपल्यावर २९ सीवुल्फ पाणबुड्यांची योजना तीनवर आली. लष्करी गरज बघितली तर तिसरीचीही निकड नव्हती. तरी ती बांधली, कारण यार्डाचे हात चालू ठेवणं, काही वर्षांनी सगळं पुन्हा उभं करण्यापेक्षा स्वस्त पडेल असा हिशेब झाला. महागडा निर्णय होता, टीकाही झाली. पण बॅरोची वेळ त्यांच्यावर आली नाही.

'मग भ्रष्टाचार झाला तरी गप्प बसायचं?'

अजिबात नाही. पण शिक्षा माणसाला करायची की क्षमतेला, हे आधी ठरवावं लागतं.

मार्च १९८६ मध्ये बोफोर्सच्या ४१० तोफांचा करार झाला. त्यात तंत्रज्ञान हस्तांतरणाचे कागदही होते. पुढे त्या तोफा भारतात बनवायच्या होत्या. १९८७ मध्ये प्रकरण फुटलं आणि तोफांचा विषयच अस्पृश्य झाला. कागद पंचवीसएक वर्षं पडून राहिले. नव्या १५५ मिलिमीटर (नळीचा आतला व्यास) तोफांचे करार थेट २०१६-१७ मध्ये झाले. कागदांवरची धूळ झटकून जबलपूरच्या कारखान्याने जी 'धनुष' तोफ केली तिच्या पहिल्या सहा तोफा लष्कराला मिळाल्या एप्रिल २०१९ मध्ये. तोफ चांगली आहे, नळी मूळ बोफोर्सपेक्षा लांब आहे. मात्र मधल्या काळात तोफ बनवणारी आणि तोफेवर डोकं चालवणारी एक अख्खी पिढी या देशात तयारच झाली नाही.

दंड करा, पैसे वसूल करा, दोषी अधिकाऱ्यांना आणि दलालांना आत टाका, पुढच्या करारात देखरेख कडक करा. सगळा उद्योगसमूह काळ्या यादीत टाकण्याआधी मात्र एक यादी करावी लागते : यांच्याकडून कुठले सुटे भाग, कुठला दारूगोळा, कुठलं प्रशिक्षण येतं आहे आणि ते थांबलं तर काय बसून राहील. ही यादी न करता घातलेली बंदी स्वच्छ दिसते, एवढंच.

मागणीपत्रातली हाव

ऑर्डर न देता उद्योग मारायचा दुसरा मार्ग म्हणजे अशक्य वस्तू मागणं. शस्त्र कसं हवं याची सैन्य एक यादी करतं, तिला 'गुणात्मक गरजा' म्हणतात. यादी करणारा परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून प्रत्येकाचा उत्तम गुण उचलतो : या रायफलीचा पल्ला, त्या रायफलीचं वजन, तिसरीची नळी बदलायची सोय. २०११ मध्ये भारतीय लष्कराने दोन वेगवेगळ्या काडतुसांवर चालणारी, नळी बदलता येणारी रायफल मागितली. चार वर्षं गेली, कुणीच कसाला उतरलं नाही, २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. सीमेवरचा जवान तोवर जुनीच रायफल वागवत होता.

कंपनीच्या बाजूने बघा. चाचण्यांना शस्त्र स्वखर्चाने न्यायचं असतं : वाळवंटात उन्हाळ्यात, डोंगरात हिवाळ्यात. चार वर्षांनी निविदा रद्द झाली तर त्या खर्चाची भरपाई नाही. मोठी कंपनी एकदा सोसते. लहान कंपनी पुढच्या निविदेला येतच नाही.

'त्यापेक्षा बाहेरून विकत घेतलेलं स्वस्त नाही का?'

पुष्कळदा असतं, हे मान्य करायला हरकत नाही. विकणाऱ्याचं पाचशेवं विमान आणि आपलं पाचवं विमान यांची बरोबरी कशी होणार? त्याच्या शिकण्याची फी त्याच्या सरकारने आधीच भरलेली असते.

पण यादीतली किंमत ही सुरुवात असते. पुढची तीस-चाळीस वर्षं सुटे भाग, दुरुस्ती, दारूगोळा आणि परवानगी विकत घ्यावी लागते. तुर्कस्तानने १९७४ मध्ये सायप्रसमध्ये सैन्य उतरवलं, १९७५ मध्ये अमेरिकेने शस्त्रबंदी घातली. त्याच वर्षी त्यांनी असेल्सान ही इलेक्ट्रॉनिक्स कंपनी काढली. १९८५ मध्ये कायदा करून कर, दारू, तंबाखू यांतला वाटा थेट संरक्षण उद्योगाच्या वेगळ्या निधीत वळवला, म्हणजे दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या भांडणातून तो सुटला. आज त्यांची ड्रोन सगळीकडे दिसतात ती चाळीस वर्षांच्या या नळातून आलेल्या पाण्यावर. आपल्याकडे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर तेजसच्या उड्डाण-नियंत्रणाचं अमेरिकेतलं संयुक्त काम तडकाफडकी थांबलं होतं.

सगळंच घरी बनवायचा हट्ट मात्र कुठल्याही देशाला परवडत नाही. निवड करावी लागते. लढाईत रोज संपणाऱ्या वस्तू, म्हणजे तोफगोळे, काडतुसं, सुरुंग, घरी हव्यात. जे कोणीच विकत नाही, उदाहरणार्थ अणुपाणबुडी, तेही घरी हवं. बाकीच्यांत घासाघीस करता येते. पहिल्या वर्गात सुद्धा मोठमोठे देश चुकतात. अमेरिकेने टीएनटी हा स्फोटक पदार्थ बनवणं १९८६ मध्ये थांबवलं. बाहेर स्वस्त मिळत होता. युक्रेन युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकेत महिन्याला १४ हजारांच्या आसपासच १५५ मिलिमीटरचे गोळे बनत होते, आणि नाटोच्या युरोपीय देशांत टीएनटीचा मोठा कारखाना उरला होता एकच, पोलंडमधल्या बिडगॉश्च शहरात.

'एखादा प्रकल्प रद्दच करायचा नाही की काय?'

करायचा. कसा करायचा, हा खरा मुद्दा. दोन उदाहरणं समोरासमोर ठेवतो.

कॅनडाचं 'अॅव्ह्रो अॅरो' हे लढाऊ विमान मार्च १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. काळाच्या पुढचं होतं आणि भयंकर महागही. २० फेब्रुवारी १९५९ ला सरकारने ते रद्द केलं. त्याच दिवशी कंपनीचे चौदा हजारांवर कामगार घरी गेले. उडालेली विमानं कापून भंगारात घातली, जिग मोडले, नकाशे नष्ट करायचा हुकूम निघाला. तीसएक अभियंते अमेरिकेच्या नासात गेले आणि अंतराळयानांवर काम करू लागले. कंपनी १९६२ मध्ये संपली. दरम्यान १९६१ मध्ये कॅनडाने अमेरिकेकडून ६६ वूडू विमानं घेतली, कारण आकाशाची राखण कुणीतरी करायलाच हवी होती. त्यानंतर कॅनडाने स्वतःचं लढाऊ विमान आखलेलं नाही.

इस्रायलने ३० ऑगस्ट १९८७ ला 'लावी' हे आपलं लढाऊ विमान रद्द केलं. मंत्रिमंडळात मतं पडली १२ विरुद्ध ११. तिथेही हजारोंची नोकरी गेली, लोक रस्त्यावर उतरले. पण काम फेकून दिलं नाही. लावीच्या रडारमधून ईएल/एम-२०३२ हे रडार पुढे आलं आणि ते अनेक देशांच्या विमानांत बसलं. आपल्या तेजसच्या पहिल्या खेपेतही. विमानांतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर जुनी विमानं नवी करून देण्याचा धंदा उभा राहिला. सप्टेंबर १९८८ मध्ये त्यांनी पहिला उपग्रह सोडला, त्याच वर्षी क्षेपणास्त्रविरोधी अस्त्राचा करार अमेरिकेशी झाला. त्या अस्त्राचं इंग्रजी नाव, योगायोगाने, 'अॅरो'च.

लावी रद्द करणं बरोबर होतं असं मला वाटतं. तेवढ्या लहान देशाला ते पेलणारं नव्हतं. रद्द करताना माणसं कुठे जाणार याचं उत्तर तिथे तयार होतं. कॅनडात नव्हतं.

'आपल्या सैन्याला नको तर निर्यात करावी!'

ब्राझीलच्या एंजेसा कंपनीने हेच केलं. तिची चिलखती वाहनं इराकसारख्या देशांत खपत होती. मग तिने स्वतःच्या पैशांनी 'ओसोरियो' हा टँक बनवला. सौदी अरेबियातल्या चाचण्यांत तो उत्तम ठरला. पण ब्राझीलच्या लष्कराने स्वतः तो कधीच घेतला नाही. सौदींनी शेवटी अमेरिकी टँक घेतले, इराककडचे पैसे अडकले, १९९३ मध्ये एंजेसा दिवाळखोर झाली. 'तुमचं सैन्य वापरतं का?' या पहिल्याच प्रश्नाला ज्याच्याकडे 'हो' नाही त्याचं शस्त्र विकणं महाकठीण.

दक्षिण कोरियाची के-९ तोफ याच्या अगदी विरुद्ध टोकाला. १९७१ मध्ये अमेरिकेने कोरियातून आपली एक डिव्हिजन (हजारो सैनिकांचं दल) काढून घेतली तेव्हा कोरियाला साधी रायफलही नक्कल करून शिकावी लागत होती. शस्त्रांची संशोधनसंस्था एक वर्ष आधी, १९७० मध्ये, काढली होती. के-९ त्यांच्या सैन्यात आली १९९९ मध्ये आणि सैन्य वर्षानुवर्षं ती घेतच राहिलं, हजाराच्या पुढे. लाइन कधी थंड पडली नाही. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये पोलंडने करार केला आणि पहिल्या तोफा त्याच वर्षी डिसेंबरात पोलंडच्या बंदरात उतरल्या. युरोपातले कारखाने तेव्हा वर्षांची भाषा बोलत होते.

'म्हणजे सरकारी कारखान्यांना पोसत राहायचं?'

ही शंका सगळ्यात रास्त आहे. सलग ऑर्डर हे औषध आहे, पण चुकीच्या पोटात गेलं तर सुस्ती आणतं. आपल्या आयुध कारखान्यांना दशकानुदशकं न मागता ऑर्डर मिळायची, किंमत खर्चावरून ठरायची, त्यामुळे खर्च कमी करायची घाई कुणालाच नव्हती. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या त्या यामुळेच.

यावर चालणारा एक उपाय म्हणजे ऑर्डर वाटून देणं. मार्च २०२५ मध्ये ३०७ ओढून न्यायच्या देशी तोफा आणि त्या ओढणारी वाहनं यांचा मिळून साधारण ६,९०० कोटी रुपयांचा करार झाला. तोफांपैकी सगळ्यात कमी बोली लावलेल्या भारत फोर्जला ६० टक्के, दुसऱ्या क्रमांकाच्या टाटांना ४० टक्के. दोन लाइनी जिवंत राहतात, दोघांना एकमेकांची भीती राहते, एकीत गडबड झाली तर दुसरी असते. मात्र या तोफेवर काम २०१३ मध्ये सुरू झालं होतं, हेही शेजारी लिहून ठेवायला हवं.

वेळापत्रक हीच खरी ऑर्डर

करायचं काय, ते समजायला अवघड नाही. शंभर नग एकदम मागून सहा वर्षं गप्प बसण्यापेक्षा दरवर्षी वीस मागावेत. पुढची ऑर्डर आधीची संपायच्या दोन वर्षं आधी निघावी, कारण खास पोलाद, ओतकाम आणि इंजिनं यांना तेवढा वेळ लागतोच. खंड टाळता येत नसेल तर निदान दुरुस्तीचं, सुधारणेचं काम त्याच माणसांकडे द्यावं. अडतं ते पैशापाशी कमी आणि फायलीपाशी जास्त : दर ऑर्डर ही जणू पहिलीच असल्यासारखी गरज-मान्यता, निविदा, चाचणी, वाटाघाटी, अंतिम मंजुरी अशी पुन्हा सगळी वारी करते.

गुजरातमधल्या हजिऱ्यात लार्सन अँड टुब्रोने याच के-९ तोफेचा भारतीय अवतार, 'वज्र', बनवला. शंभर तोफांचा करार मे २०१७ मध्ये झाला, शंभरावी तोफ फेब्रुवारी २०२१ मध्ये, वेळेआधी, लष्कराच्या हाती गेली. पुढच्या शंभर तोफांचा करार झाला डिसेंबर २०२४ मध्ये. मधली पावणेचार वर्षं.

आणि माझगाव डॉकमध्ये सहावी स्कॉर्पीन, आयएनएस वागशीर, १५ जानेवारी २०२५ ला समारंभाने नौदलात दाखल झाली. पुढच्या सहा पाणबुड्यांची निविदा २०२१ मध्ये निघाली होती. समारंभाच्या दिवशी तिच्या करारावर सही झालेली नव्हती.